मुक्या रुग्णाची केस : पशुहोमिओपॅथीकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की थोड्याच वेळात वलगाव येते, आणि वलगावला पेढी नदी. २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासात असताना इथेच, पेढीच्या पुलाजवळ, गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. बाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, गुरे राखण्यात गेले होते. मुलीच्या बारशाला मटण-दारूचे जेवण घालायची रीत होती. त्यांनी गोड जेवण घातले, आणि पुढे आयुष्यभर कीर्तनांतून जत्रेतल्या बोकड-कोंबड्यांच्या बळीविरुद्ध बोलत राहिले. मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षण उभे केले. मुक्या प्राण्यांना अभय द्या, हे त्यांच्या शिकवणुकीतले कलम आजही वऱ्हाडात भिंतींवर रंगवलेले दिसते. जनावराच्या दुखण्यावर वलगावात बसून लिहायचे, तर सुरुवात इथूनच करावीशी वाटते.

मी पशुवैद्यक. होमिओपॅथीचा पदवीधर नाही, पण गेली अनेक वर्षे माझ्याकडे येणाऱ्या जनावरांपैकी बऱ्याच जणांच्या पोटात साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या आधीच गेलेल्या असतात. म्हणून हा विषय मला शिकावा लागला. ज्या वाचकाच्या घरी कुत्रे, मांजर, गाय किंवा शेळी आहे आणि ज्याला या गोळ्यांबद्दल कुतूहल आहे, त्याला या विषयाच्या उंबऱ्यावर बसवून दोन गोष्टी सांगाव्यात, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. आत या, सावकाश बसा. प्रश्न चांगला आहे आणि तो विचारणारा माणूस बहुतेक वेळा प्रेमापोटीच विचारतो.

एका पावसाळ्यातली गोष्ट आधी सांगतो. सकाळी दहाच्या सुमाराला एक मुलगा सायकलच्या करिअरवर खोके बांधून आला. सातवी-आठवीतला असेल. खोक्यात तीन महिन्यांचे पिल्लू.

“साहेब, चार दिवस झाले, हे जेवूनच नाही राह्यलं. उलट्या करते, अन् कालपासून खालून रक्त पडून राह्यलं जी.”

“काय दिलं होतं?”

त्याने खिशातून करंगळीएवढी काचेची बाटली काढली. “शेजारच्या काकानं गोळ्या देल्या. म्हणे, नुकसान तं काही होत नाही.”

पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगातले पाणी आटले होते. लक्षणे पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची होती. लस दिलेली नव्हती. सलाईन लावले, पण दुपार उलटायच्या आत ते गेले. मुलगा रडला नाही. त्याने दप्तरातून वही काढून मला दाखवली. मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते : सोमवार सकाळी उलटी, पिवळी. दुपारी दोनदा, फेस. पाणी पिले, लगेच बाहेर. मंगळवार, शेपूट हलवत नाही, सावलीत जाऊन बसते. असे चार दिवसांचे सगळे.

ती वही मी अजून विसरलो नाही. इतकी नेटकी नोंद मला शिकल्यासवरल्या माणसांकडूनही क्वचितच मिळते. ती पहिल्या दिवशी माझ्यापुढे आली असती, तर निदानाला पाच मिनिटे लागली नसती आणि पिल्लाला चार दिवस मिळाले असते. पार्व्होत ते चार दिवसच औषध असते. मरण लांबवायचे, शिरेतून पाणी भरत राहायचे आणि पिल्लाच्या शरीराला विषाणूशी लढायला वेळ मिळवून द्यायचा. त्या मुलाचे पाहणे पक्के होते. ते पाहणे जिथे जायला हवे होते, तिथे गेले नाही. या प्रस्तावनेत मला जे सांगायचे आहे ते या वहीभोवतीच फिरणार आहे.

आता विषयाकडे. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांचा जन्म १७५५ चा, जर्मनीतल्या माइसनचा. त्यांचा ‘ऑर्गॅनॉन’ हा ग्रंथ १८१० साली आला. निरोगी माणसात एखादा पदार्थ जी लक्षणे उठवतो, तशीच लक्षणे असलेला आजार तोच पदार्थ अतिशय विरळ करून दिला तर बरा होतो, हे या पद्धतीचे मूळ सूत्र. जनावरांकडे हे सूत्र न्यायचा विचार हानेमान यांच्याच काळात झाला. पाळीव जनावरांच्या उपचारावरचे त्यांचे एक टिपण हस्तलिखितात सापडले आहे. पण हा धागा खऱ्या अर्थाने हाती घेतला तो लाइपझिगच्या योहान योझेफ विल्हेल्म लक्स या पशुवैद्यकाने. १८३३ साली त्याने संसर्गजन्य रोगांवर एक पुस्तिका काढली आणि ज्या रोगाने जनावर आजारी पडले, त्याच रोगाचे द्रव्य विरळ करून औषध म्हणून वापरावे, असे सुचवले. काळपुळीच्या जनावराचे रक्त, ग्लँडर्स झालेल्या घोड्याच्या नाकातला स्राव अशी ती द्रव्ये. त्या वेळी या रोगांचे जंतू कोणी पाहिले नव्हते. पाश्चरची काळपुळीची लस यायला अजून जवळपास अर्धे शतक होते. लक्सचे उत्तर पुढे टिकले नाही, पण गोठ्यात मरणाऱ्या जनावरांपुढे उभा राहून तो धडपडत होता, हे त्याच्या लिखाणातून जाणवते. या शाखेच्या पूर्वजांबद्दल मला आदर आहे तो यासाठी.

भारतात ही पद्धत आली ती होनिगबर्गर नावाच्या वैद्यासोबत. १८३९ साली तो लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या दरबारात होता. कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार १८६७ मध्ये उघडपणे होमिओपॅथीकडे वळले आणि तिला प्रतिष्ठा मिळाली. आपल्या वऱ्हाडात आज अमरावती, अकोला, खामगाव इथे होमिओपॅथीची महाविद्यालये आहेत. अकोल्यातच स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली. म्हणजे एकाच शहरात एक संस्था होमिओपॅथी शिकवते आणि दुसरी जनावराचे शरीर. पशुहोमिओपॅथी नावाचा विषय या दोघींच्या मधल्या बोळात उभा आहे, आणि पालकाला त्या बोळातून बहुतेक वेळा एकट्यानेच जावे लागते.

बाटलीवर ३०, २०० असे आकडे असतात, त्यांचा अर्थ आधी समजून घ्या. ‘३० सी’ म्हणजे एक भाग मूळ द्रव्य आणि ९९ भाग अल्कोहोल किंवा पाणी, हलवून त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत, असे तीस वेळा. हिशेब केला तर एक भाग औषध, एकावर साठ शून्ये इतक्या भागांत. रसायनशास्त्र सांगते की कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये सुमारे सहावर तेवीस शून्ये इतके रेणू असतात. म्हणून बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची आशा संपते. पुढच्या अठरा पायऱ्या रिकाम्या पाण्याच्या. होमिओपॅथीचे अभ्यासक म्हणतात की हलवण्याच्या क्रियेने द्रव्याचा ठसा पाण्यात उतरतो. असा ठसा मोजून दाखवणारा आणि इतरांनी पुन्हा करून पडताळलेला प्रयोग मला माहीत नाही, आणि वाचकापासून हे मी लपवणार नाही.

मात्र याच्या उलट टोकाला खरा धोका आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. मूळ अर्क, ज्याला दुकानात मदर टिंक्चर म्हणतात, आणि ३ एक्स, ६ एक्स अशा खालच्या पायऱ्यांमध्ये द्रव्य असते, मोजता येईल इतके असते. नक्स व्होमिका म्हणजे आपला कुचला, त्यात स्ट्रिक्नीन. कुत्र्याला स्ट्रिक्नीन किती घातक आहे याची साक्ष आपल्या कायद्यातच आहे. नगरपालिका भटकी कुत्री स्ट्रिक्नीनने मारत, आणि १९६० च्या प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात हृदयात स्ट्रिक्नीन टोचून मारण्याची पद्धत नाव घेऊन गुन्हा ठरवली आहे. वचनाग, सोमल, बेलाडोना हीही याच यादीतली. शिवाय अर्कात अल्कोहोल भरपूर असते, आणि दोन-तीन किलोच्या मांजरीला ते थेंब थेंब देत राहणे बरे नव्हे. ‘होमिओपॅथी आहे, काही होत नाही’ हे वाक्य साखरेच्या गोळीपुरते खरे असेल. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय ते कोणी उच्चारू नये.

आता पुराव्याचा मुद्दा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

होमिओपॅथीवर विश्वास असलेला माणूस एक युक्तिवाद हमखास करतो, आणि तो हुशारीचा आहे. माणसाला औषध घेतल्याच्या समजुतीनेच बरे वाटू शकते, हे मान्य. पण कुत्र्याला कुठे माहीत की त्याला औषध दिले? मग कुत्र्याला बरे वाटले तर ते औषधानेच ना? मला स्वतःला या युक्तिवादाने बरीच वर्षे गप्प केले होते.

याचे उत्तर मला इंग्लंडमधल्या एका प्रयोगात सापडले. २००८ साली क्रॅकनेल आणि मिल्स या संशोधकांनी फटाक्यांना घाबरणारी ७५ कुत्री घेतली. अर्ध्यांना त्या भीतीसाठीचे होमिओपॅथिक औषध, अर्ध्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य. कोणाला काय मिळाले ते ना मालकाला माहीत, ना तपासणाऱ्याला. मालकांनी कुत्र्यांच्या वागण्याचे गुण लिहिले. दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि ती चांगली ठळक होती. दोन गटांत फरक मात्र काही दिसला नाही.

दिवाळीत आपल्या घरी जे घडते ते आठवून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुत्रे पलंगाखाली थरथरत असते. दुसऱ्या दिवशी आपण गोळ्या आणतो. गोळ्या देताना त्याला जवळ घेतो, पाठीवरून हात फिरवतो, खिडक्या लावतो, त्या रात्री बाहेर जायचे टाळतो. त्यात फटाकेही पाडव्यानंतर कमी होतात. कुत्रे शांत होते, आणि श्रेय बाटलीला जाते. प्रयोगातल्या त्या मालकांचेही हेच झाले असणार. काही जणांची कुत्री खरोखर निवळली असतील, काही जणांना ती निवळल्यासारखी वाटली असतील. समजूत कुत्र्याची नव्हती, पाहणाऱ्याची होती. अमेरिकेत सांधेदुखीच्या कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात, २०१२ मध्ये, हे अजून स्पष्ट दिसले. कुत्रा किती लंगडतो हे जमिनीत बसवलेल्या वजनकाट्यावर मोजले, आणि मालकाला व डॉक्टरलाही विचारले. काट्यावर काहीही फरक नसताना बऱ्याच मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला. डॉक्टरांनाही दिसला. ही चूक माझ्या व्यवसायातले लोकही करतात, मीही केली असेल.

गोठ्याकडे या. गाईच्या कासेला सूज येते, दुधात गुठळ्या येतात, कास दगडासारखी होते, म्हणून आपल्याकडे याला ‘दगडी’ म्हणतात. पुस्तकी नाव स्तनदाह. भारतात वार्ष्णेय आणि नरेश यांनी २००५ साली यावर काम छापले. ९६ सडांना होमिओपॅथिक मिश्रण, दुसऱ्या ९६ सडांना प्रतिजैविके. नव्या, अजून न घट्टावलेल्या दगडीत मिश्रणाचे यश ८६.६ टक्के आणि प्रतिजैविकांचे ५९.२ टक्के, असा निष्कर्ष. खर्चही मिश्रणाचा सुमारे २१ रुपये आणि प्रतिजैविकांचा सुमारे १४९ रुपये. हे आकडे ऐकले की कोणाही दूधवाल्याचे मन पाघळेल. पण त्या अभ्यासात नुसत्या द्रव्याचा, म्हणजे औषध नसलेला तिसरा गट नव्हता. आणि दगडीच्या सौम्य केसेसमध्ये काही गाई दूध वारंवार काढल्यानेच बऱ्या होतात, त्या किती, हे तिसऱ्या गटाशिवाय कळायला मार्ग नाही. नॉर्वेत हेक्टोएन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तो तिसरा गट ठेवून ५७ गाईंवर प्रयोग केला. होमिओपॅथी आणि नुसते द्रव्य यांत फरक सापडला नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये २०१० साली डुकरिणींवर एक प्रयोग झाला. त्यात होमिओपॅथिक औषध दिलेल्या माद्यांच्या पिलांना ई. कोलायची हगवण स्पष्टपणे कमी झाली. प्रयोगाची मांडणी बरी होती. मथी आणि क्लॉसेन यांनी २०१४ मध्ये जनावरांवरच्या अशा १८ प्रयोगांची छाननी केली, तेव्हा भरवसा ठेवावा असे त्यांना दोनच सापडले. एक हा पिलांचा, अनुकूल. दुसरा गाईंच्या दगडीचा, प्रतिकूल. एक इकडे, एक तिकडे, आणि पिलांचा प्रयोग दुसऱ्या कोणी तसाच करून पडताळलेला नाही. २०१७ साली ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सने जाहीर केले की पुराव्याचा आधार नसलेल्या पद्धतींनी खऱ्या उपचाराची जागा घेऊ नये आणि त्याला उशीरही करू नये. माझे मत याच बाजूचे आहे. आजवरच्या पुराव्यावरून जनावरात ही गोळी औषध म्हणून काम करते असे मला म्हणता येत नाही.

मग प्रस्तावना इथेच संपायला हवी होती, असे कोणी म्हणेल. पण माणसे या पद्धतीकडे का वळतात, हा प्रश्न गोळीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, आणि त्याचे उत्तर आम्हा पशुवैद्यकांनी मान खाली घालून ऐकण्यासारखे आहे. होमिओपॅथ तासभर बसतो. विचारतो : कधी वाढते, कशाने कमी होते, कोणत्या कुशीवर झोपते, ऊन शोधते की गार फरशी, पाणी एकदम पिते की घोट घोट, घरात कोणी नवे आले का, कोणी गेले का. आमच्या दवाखान्यात बाहेर दहा जनावरे उभी असतात. आम्ही ताप बघतो, सुई देतो, पुढचा. दुसरे कारण प्रतिजैविकांची भीती, आणि ती भीती रास्त आहे. प्रतिजैविक दिल्यावर ठरलेल्या दिवसांपर्यंत दूध डेअरीत घालायचे नसते, हे कितीजण पाळतात? जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत, त्यात आपल्या गोठ्यांचाही वाटा आहे. युरोपात सेंद्रिय दूध उत्पादक होमिओपॅथीकडे वळतात, त्याचे हे एक मोठे कारण. प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर स्वच्छ गोठा, कोरडी जमीन, धार काढण्याआधी धुतलेले हात आणि धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे यांत जास्त आहे, बाटलीत कमी.

आणि होमिओपॅथीची ती प्रश्नावली! ती मला या शाखेची सगळ्यात मोलाची देणगी वाटते. माणसाच्या होमिओपॅथीत रुग्ण स्वतः बोलतो. इथे बोलतो तो पाहणारा. म्हणून पशुहोमिओपॅथी शिकू लागलेला माणूस पाहायला शिकतो. हे वऱ्हाडात नवे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, हळद-तूप चोळतो. वर्षभर जुवाखाली दबलेल्या त्या खांद्यावर माणसाचा उघडा हात फिरतो तेव्हाच कळते की कुठे गाठ आहे, कुठे कातडी जाड झाली आहे, कुठे हात लागताच बैल अंग चोरतो. खांदशेकणी ही मला नेहमी तपासणीच वाटत आली आहे, वर्षातून एकदा, घरातल्या सगळ्यांसमोर केलेली.

पाहण्याचे काय मोल असते त्याचे एक उदाहरण देतो. एका बाईंनी गाय आणली. चारा कमी खाते, दूध घटले, एवढेच. ताप किरकोळ. मी जंताचे औषध लिहायच्या बेतात होतो. बाई म्हणाल्या, “साहेब, एक सांगू का जी? थे उतारावून उतरतच नाही. नाल्यापाशी गेली का थबकते. अन् पुढचे पाय असे फाकून उभी राह्यते.” मी पेन ठेवले. कोपरे बाहेर फाकवून उभी राहणारी, उतार टाळणारी गाय म्हणजे पोटात तार किंवा खिळा गेल्याचा संशय. चाऱ्यासोबत गिळलेली तार जाळीपोटात अडकते आणि पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत टोचत जाते. उतारावर पोटातला भार पुढे सरकतो, म्हणून तिला दुखते. त्या बाईंच्या दोन वाक्यांनी निदानाची दिशा बदलली. होमिओपॅथीच्या ग्रंथात ‘उतरताना त्रास वाढतो’ असे लक्षण एखाद्या औषधाखाली मिळेल, आणि कोणी ते औषध देईलही. तार मात्र जिथे होती तिथेच राहील.

यातून पालकाने काय समजायचे? पाहा, लिहा, आणि ते लिहिलेले नोंदणीकृत पशुवैद्यकापुढे ठेवा. गोळी द्यायची इच्छा असेल तर ती निदानानंतर, चालू औषधासोबत, पशुवैद्यकाला सांगून. अपस्माराच्या कुत्र्याचे रोजचे औषध कोणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नका. झटके असे येतील की थांबणार नाहीत. मधुमेही मांजराचे इन्सुलिनही तसेच.

काही दुखणी अशी आहेत जिथे गोळीसाठी एक तासही देऊ नये. बोका लघवीला बसतो, कण्हतो, थेंब येत नाही : मूत्रमार्ग बंद झालेला असतो, आणि एक-दोन दिवसांत तो मरू शकतो. त्याला बद्धकोष्ठ समजणारे कितीतरी भेटतात. गाय डाव्या कुशीत फुगली, तर पोटफुगी. ज्वारी कापल्यावर बुडख्यातून फुटलेले कोवळे कोंब जनावराने खाल्ले आणि ते धापा टाकत खाली बसले, तर त्या कोंबांत सायनाइड तयार झालेले असते. उतारा आहे, पण तो शिरेतून आणि लगेच द्यावा लागतो. आपल्या भागात कपाशीवर फवारणी झालेल्या बांधावर चरलेल्या शेळीलाही असाच लगेच दवाखाना हवा. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या कुत्र्याला उष्माघात होतो, त्याला आधी पाणी आणि वारा, मग दवाखाना. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांना लस आहे, पावसाळ्याआधी घ्यावी. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत अकोला, बुलडाणा, अमरावती हे जिल्हे होरपळले. तेव्हा फोनवर नाना उपाय फिरत होते, पण साथ आवरायला उपयोगी पडली ती शेळ्यांच्या देवीची लस, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त आणि आजारी जनावर वेगळे बांधणे. असा साथीचा रोग दिसला तर कळवणे हे २००९ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्यही आहे.

रेबीजबद्दल वेगळे लिहितो. १८३३ साली काँस्टंटाइन हेरिंग या होमिओपॅथने पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेपासून एक औषध बनवले, आणि ते आजही होमिओपॅथीच्या ग्रंथांत आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या माणसाने किंवा जनावराने त्यावर विसंबणे म्हणजे मरण. लक्षणे दिसल्यावर रेबीज जवळपास कधीच बरा होत नाही. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. घरच्या पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस, पुढे दरवर्षी. इथे मी कोणाशीही तडजोड करत नाही.

कायद्याचेही थोडक्यात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. माणसांच्या होमिओपॅथीची पदवी कितीही चांगली असली तरी ती जनावरावर उपचाराची परवानगी नसते. होमिओपॅथी शिकलेले नोंदणीकृत पशुवैद्यकही आहेत. तुम्हाला या मार्गाने जायचेच असेल तर असा माणूस शोधा, आणि त्याला एक प्रश्न विचारा : किती दिवसांत सुधारणा दिसली नाही तर तुम्ही ही गोळी थांबवाल? ज्याच्याकडे या प्रश्नाला दिवसांत उत्तर आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

विषय मोठा आहे. यापुढे वाचताना तुम्हाला लक्षणांच्या याद्या, औषधांची नावे, प्रयोगांचे तक्ते भेटतील. काही वाचून भारावून जाल, काहींवर विश्वास बसणार नाही. भारावलात तर तो तिसरा गट कुठे आहे हे विचारा. विश्वास बसला नाही तर त्या प्रश्नावलीतले चार प्रश्न तरी आपल्या जनावरासाठी उचलून घ्या. त्या सातवी-आठवीतल्या मुलाने कोणाच्याही शिकवण्याशिवाय ते उचलले होते.

एक काम मात्र पुढचे पान उलटण्याआधी करा. आज रात्री तुमचे कुत्रे किंवा मांजर गाढ झोपले की त्याच्या कुशीकडे पाहत घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. छाती वर गेली आणि खाली आली, की एक. निरोगी, झोपलेल्या कुत्र्या-मांजराचा आकडा साधारणपणे मिनिटाला तीसच्या आत येतो. तो आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे कधी तो चाळीसच्या वर गेला, तर वही घेऊन दवाखान्यात या. गोठ्यातल्या जनावरासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, पशुवैद्यकाची गाडी दारात येते. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा.